अमृतरावांच्या नावावरचं बीपी

शांतम्मा हुडग्यांच्या घरात सून म्हणून आली तेव्हा लहानच होती, आता सत्तरीला टेकली. एवढ्या वर्षांत तिनं त्या घरातल्या सगळ्यांची दुखणी काढली. सासूच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, सासऱ्यांचं पथ्य सांभाळलं, नवऱ्याच्या गोळ्या न चुकता हातावर दिल्या. तिला स्वतःला मात्र कधी काही झालं नाही. म्हणजे झालं असेलही, पण ते विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. डोकं ठणकायला लागलं की ती कपाळाला पदर आवळून बांधायची आणि भाकऱ्या थापायला बसायची. दवाखान्यात ती दोनदा गेली, दोन्ही वेळा बाळंतपणाला. त्यातलं एक लेकरू पुढं राहिलं नाही, आणि दुसरं पुण्याला गेलं.

तिचा नवरा अमृतराव म्हणजे उदगीरच्या मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, जुना आडत्या. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या धुळीत त्याचं सगळं आयुष्य गेलं. त्याच्या उमेदीत मोंढ्यात भाव तोंडानं बोलत नसत. आडत्या आणि खरीददार समोरासमोर बसायचे, हातावर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करायचे. भोवती माणसांचा गराडा असायचा, ज्याचा माल तो शेतकरीही तिथंच ताटकळत उभा असायचा, पण आकडा कळायचा तो फक्त त्या दोघांना. पुढं ती पद्धत बंद पडली, उघड बोली आली. अमृतरावांच्या अंगातून मात्र ती गेली नाही. आपला आकडा दुसऱ्याला दिसू द्यायचा नाही, हा त्यांचा स्वभावच होऊन बसला. बायकोलासुद्धा ते आपलं वय सरळ सांगत नसत, मग बाकीच्या गोष्टींचं काय घेऊन बसलात.

अशा माणसाला त्याच्या पोरानं दिवाळीत बीपीचं मशीन आणून दिलं, आणि तेही मोबाइलला जोडलेलं.

पोराचं नाव मृत्युंजय. पुण्यात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, वर्षातून दोनदा गावी येतो आणि आला की घरात काहीतरी नवीन बसवून जातो. आधी पाण्याचं मशीन बसवलं, मग दाराबाहेर कॅमेरा बसवला, आणि या खेपेला थेट बापाच्या दंडाला हात घातला.

"अप्पा, रोज सकाळी आठला डाव्या दंडाला हा पट्टा बांधायचा आणि हे बटन दाबायचं. बाकी तुम्हाला काही करायचं नाही. आकडा आपोआप माझ्या मोबाइलवर येतो."

"तुझ्या मोबाइलवर कामून?"

"मला लक्ष ठेवता येतं ना."

"माझ्यावर लक्ष ठेवायला डॉक्टर हाय की. महिन्याच्या महिन्याला जातो मी. गोळी चालू हाय."

"महिन्याला एकदा बघून काय कळतं, अप्पा? आता जमाना बदलला."

जमाना बदलला म्हटल्यावर अमृतरावांनी दंड पुढं केला. पोरगं चार लोकांत हुशार म्हणून नावाजलेलं, त्याच्यापुढं अडाणी दिसायची त्यांची तयारी नव्हती. शांतम्मा दाराच्या चौकटीला टेकून सगळं बघत होती. मशीन एकच होतं. दुसरं कुणासाठी आणावं असं घरात कुणाच्या मनात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्याही मनात आलं नाही.

पहिले आठ दिवस बरे गेले असं म्हणवत नाही. दिवाळीचा फराळ डब्यांत होता आणि अमृतरावांचा हात डब्यात होता. आकडा चढला की पुण्याहून फोन यायचा. एकदा ते मोंढ्यात जुन्या मित्रांच्या बैठकीत बसलेले असताना फोन वाजला. त्यांना फोन कानाला लावता यायचा, पण त्यातला आवाज बाहेर कसा पडतो आणि आत कसा जातो हे नीट उमगलेलं नव्हतं. मृत्युंजयचा आवाज सगळ्या बैठकीनं ऐकला.

"अप्पा, एकशे बहात्तर? काल काय खाल्लं? अव्वाला शेव लपवून ठेवायला सांगितलं होतं ना मी?"

बैठकीतले उमाशंकर गालातल्या गालात हसले. त्यांच्या मनगटावर त्यांच्या लेकानं घड्याळ बांधलं होतं, ते किती पावलं चालले हे तिकडं हैदराबादेत दिसायचं. "चला, तुम्हीबी आमच्या पंगतीला आलात," ते म्हणाले. "आमचं पोरगं विचारतं, आज कमी कामून चाललात. मी म्हणालो, बाबा रे, घड्याळ नातवाच्या हातात बांधलं, ते पळून राहिलंय गल्लीभर."

सगळे खदखदून हसले. अमृतराव हसले नाहीत. पोरानं भर मोंढ्यात आपली शेव काढली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. घरी येताना मात्र उमाशंकरची युक्ती त्यांच्या डोक्यात घोळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मशीनचं पाकीट घेऊन ते स्वयंपाकघरात आले. "तुझा हात दे," म्हणाले.

"माझा? कशाला?"

"ह्या हातावर मी पूजेला लिंग घेतो," आपला डावा हात पुढं करून ते म्हणाले. "पूजा झाली न झाली की ह्याच हाताला ते पट्टं आवळायचं? मला ते पटत न्हाई. पोराला सांगायला गेलं तर तो आणिक चार गोष्टी शिकवील. तू बस."

शांतम्मानं पिठाचा हात धुतला आणि बसली. घर लिंगायताचं, तिच्याही गळ्यात इष्टलिंग होतं. लहानपणी माहेरच्या मठात स्वामींनी तिलाही दीक्षा दिली होती, आणि आंघोळ झाली की तीही रोज डाव्या तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटून बसायची. धर्म दोघांचा एक, पूजा एक, हातही दोघांचे डावेच. पण अमृतरावांच्या हाताला जे बाधत होतं ते तिच्या हाताला बाधणार नव्हतं, असा त्यांचा हिशोब असावा. तिनं तो विचारला नाही. नवऱ्याला उलट प्रश्न विचारायचं वय तिचं कधी झालंच नव्हतं.

पट्टा फुगला, दंडाला घट्ट बसला, थोडा वेळ थांबला आणि सुस्कारा सोडून सैल पडला. मशीनवर आकडे आले, मोबाइल टुणकन वाजला. थोड्या वेळानं मोबाइलवर पुण्याहून शाबासकीचा अंगठा आला.

तेव्हापासून रोज आठ वाजता शांतम्मा पट्टा बांधून बसू लागली. आणि सांगायला हरकत नाही, तिला ते आवडायला लागलं. घरातलं सगळं काम टाकून एका जागी बसायचा हक्क तिला पहिल्यांदाच मिळाला होता. त्या पट्ट्यानं दंड धरला की तिला वाटायचं, कुणीतरी विचारतंय, तू कशी आहेस. ती चौथीपर्यंत शिकलेली, इंग्रजी आकडे एस.टी.च्या पाट्यांवरून आणि फोनवरून ओळखू यायचे. वरचा आकडा एवढा, खालचा एवढा, हे ती लक्षात ठेवायची. चांगला आला की दिवसभर हुशारी वाटायची. तिच्या तब्येतीचं कौतुक पुण्यात चाललेलं असायचं, फक्त ते अमृतरावांच्या नावानं.

येळवस आली, शेतात जाऊन पंगती मांडायची मार्गशीर्षातली अमावस्या. सगळे शेतात गेले. अमृतरावांनी भाज्या-शेंगांची भज्जी दोनदा मागून घेतली, आंबिलाचे तांबे रिचवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शांतम्माच्या हातावर बीपी अगदी झकास आलं. मृत्युंजयनं घरच्या ग्रुपवर लिहिलं, येळवस असूनही अप्पांचा कंट्रोल बघा, शिका जरा. नातेवाइकांनी फुलं पाठवली, हात जोडले. अमृतरावांनी ते मोंढ्यात उमाशंकरना दाखवलं. त्यांना आता मोबाइल चांगला वाटायला लागला होता.

उन्हाळ्यात मात्र गाडी घसरली. शांतम्माचं डोकं सकाळपासूनच जड असायचं. मानेमागं ठणका, कानात घूं आवाज, जिना चढली की डोळ्यांपुढं अंधारी. आधी उन्हामुळं असेल म्हणून तिनं कांदा हुंगला, डोक्यावर ओलं फडकं घेतलं. पण मशीन तिच्यासारखं सोसून घेणारं नव्हतं. वरचा आकडा दीडशेच्या पुढं गेला आणि तिथून खाली यायचं नाव घेईना.

पुण्याहून फोन सुरू झाले. "अप्पा, हे काय चाललंय?" अमृतराव म्हणायचे, "काही न्हाई रे, ऊन लई हाय." मग मृत्युंजय आईला फोनवर बोलवायचा.

"अव्वा, तू लक्ष दे जरा. मीठ कमी कर. लोणचं बंद."

"का रे, दीडशेच्या वर म्हणजे लई वाईट असतं का?" तिनं विचारलं.

"वाईटच. असंच राहिलं तर लकवा मारू शकतो माणसाला. म्हणून तर सांगतोय, अप्पांना सांभाळ."

शांतम्मानं फोन ठेवला. पोरानं जे सांगितलं ते तिच्याबद्दलच होतं आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिनं वरणात मीठ अर्धंच घातलं. अमृतरावांनी पहिल्या घासाला ताट सरकवलं. "हे काय आजाऱ्याचं जेवण? मला काय झालंय?" दुसऱ्या दिवशी मीठ होतं तेवढं झालं. दोघांचं वेगवेगळं शिजवायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. स्वतःसाठी वेगळी भाजी करणारी बाई तिनं त्या घरात कधी पाहिली नव्हती.

मृत्युंजयनं मग पुण्यातल्या एका डॉक्टरला मोबाइलवरच अमृतरावांना दाखवलं. डॉक्टर पडद्यावर दिसत होते, भले दिसत होते. त्यांनी आलेले सगळे आकडे बघितले, गोळी बदलली, डोस वाढवला. चार दिवसांत कुरिअरनं गोळ्यांचा डबा घरी आला. अमृतरावांनी तो उघडलासुद्धा नाही. त्यांची उदगीरच्या डॉक्टरची जुनी गोळी चालू होती, आणि तिच्यावर ते ठणठणीत होते. डबा कपाटात देवाच्या पुस्तकांमागं जाऊन बसला.

शांतम्मा त्या कपाटापुढून रोज जायची. एकदा तिनं डबा काढला, पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं. ही गोळी माझ्या आकड्यावर आलीय, तिच्या मनात आलं. माझ्या डोक्याचा ठणका बघून कुणीतरी लिहून दिलीय. तिनं धीर केला आणि नवऱ्यापुढं गेली.

"अवो, ही गोळी मी घेऊ का?"

अमृतरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "येडी झालीस का? माझ्या नावावर आलीय ती. दुसऱ्याची गोळी खायची नसती, एवढं कळत न्हाई?"

"पण आकडे तर माझे हायत."

"अगं, मशीनचं काय खरं हाय? तुला काय झालंय? पहाटे उठून अंगण लोटतीस, घर बघतीस. आजारी माणूस असं राहतं का?"

"मग तुम्ही डॉक्टरकडं जाल तेव्हा येऊ का मीबी? एकदा बघतील."

"तिथं लई गर्दी असती. पुढच्या बारीला बघू."

पुढची बारी आली आणि गेली. ते एकटेच जाऊन आले, येताना केळी घेऊन आले.

राग यावा अशी गोष्ट यापुढंच आहे. पुण्याच्या फोनांनी अमृतराव जेरीस आले होते. नवीन गोळीनंही आकडा उतरत नाही म्हटल्यावर मृत्युंजय त्यांना पुण्याला नेऊन सगळ्या तपासण्या करायच्या गोष्टी करू लागला. तसं झालं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. तेव्हा अमृतरावांनी आडत्याची अक्कल चालवली. पोत्यातला एक नमुना खराब निघाला तर शहाणा आडत्या दुसऱ्या पोत्यात हात घालतो. त्यांनी वीरण्णाला बोलावलं.

वीरण्णा त्यांच्या दुकानात पूर्वी तोलाई करायचा. काटकुळा माणूस, उभा जन्म पोती उचलण्यात गेलेला, अंगावर मांस म्हणाल तर नावाला. मालकानं सकाळी चहाला ये म्हटल्यावर तो खूश झाला. अमृतरावांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, बटन दाबलं. आकडा असा आला की पंचविशीतल्या पोरानं हेवा करावा.

"मालक, हे कशाचं हाय?" वीरण्णानं विचारलं.

"काही न्हाई. सरकारी तपासणी समज. रोज येत जा."

शांतम्मा चहा घेऊन आली होती. आठ वाजले होते, आणि तिच्या जागेवर वीरण्णा बसला होता. तिनं कपबशी खाली ठेवली. "अक्का, तुम्हीबी बघून घ्या की," वीरण्णा साधेपणानं म्हणाला. अमृतरावांनी पट्टा गुंडाळला. "तिचं झालंय बघून," ते म्हणाले.

शांतम्मा आत गेली आणि ओट्याला हात टेकवून उभी राहिली. तिला फार वाईट वाटलं. नवऱ्यानं तिला कधी चांगली साडी आणली नाही याचं वाटलं नव्हतं एवढं वाईट वाटलं. तिचा आकडा बिघडला हे ह्या माणसाला कळलं होतं, रोज डोळ्यांनी दिसत होतं, आणि त्यावर ह्यानं काय केलं तर दुसरा हात शोधला.

पुण्यात आनंदीआनंद झाला. मृत्युंजयनं ग्रुपवर लिहिलं, नवीन गोळीनं काम केलं, टेक्नॉलॉजीची कमाल. पुन्हा फुलं आली, जोडलेले हात आले. सूनबाई सुकन्यानं सासऱ्यांना शाल पाठवली.

आषाढात एका दुपारी अमृतराव पलंगावर घोरत होते. शांतम्माचं डोकं सकाळपासून फुटायला आलं होतं. तिनं मशीन काढलं, एका हातानं आणि दातानं पट्टा आवळला आणि बटन दाबलं. तिला फक्त बघायचं होतं. आकडा आला, वरचा एकशे नव्वदच्या पुढं. ती त्याच्याकडं बघतच राहिली. तेवढ्यात अमृतरावांच्या उशाशी मोबाइल टुणकन वाजला, आणि तिला आठवलं की ह्या घरात गुपचूप काही बघता येत नाही. लगेच फोन आला.

अमृतराव दचकून उठले. समोर बायको, तिच्या दंडाला पट्टा, आणि फोनवर पोराचा घाबरा आवाज. "अप्पा, एकशे ब्याण्णव आलंय! काय होतंय तुम्हाला? बोला ना!"

"मला काही न्हाई. झोपलो होतो. पट्टा उलटा बसला असंल."

"झोपेत कोण पट्टा बांधतं? अव्वाला फोन द्या."

अमृतरावांनी फोन पुढं केला आणि तिच्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं. ते विनवत होते.

"अव्वा, खरं सांग. अप्पा बरे आहेत ना? तो पट्टा चुकून लागला का?"

तिनं एक शब्द वेगळा उच्चारला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. पोरगं रात्रीची गाडी पकडून आलं असतं, तिला दवाखान्यात नेलं असतं. पण त्यासाठी बाप खोटा ठरला असता, लेकापुढं, सुनेपुढं, फुलं पाठवणाऱ्या सगळ्या गोतावळ्यापुढं. नवऱ्याची मान खाली जाऊ द्यायची नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. त्यासाठी ती आजवर खोटंही पुष्कळ बोलली होती. जिवावरचं खोटं बोलायची वेळ मात्र पहिलीच होती.

"हाव," ती म्हणाली. "चुकून लागला. तू कामाला लाग."

फोन बंद झाल्यावर अमृतरावांचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्याबरोबर ते चिडले. "माझी इज्जत घालवायला निघाली होतीस," म्हणाले. मशीन त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. तुझा आकडा एकशे ब्याण्णववर कसा गेला, हे त्यांनी तिला विचारलं नाही. तिनं वाट बघितली. चहाच्या वेळेपर्यंत बघितली, जेवणापर्यंत बघितली. मग ताटं घासायला घेतली.

दसरा झाल्यानंतरची गोष्ट. सकाळी भाकरी थापता थापता तिचा डावा हात परातीत पडला तो उचलेना. भाकरी तव्यावर करपायला लागली. तिनं हाक मारली, पण तोंडातून निघाला तो आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. वीरण्णा बाहेर आठच्या चहाला आलेला होता, त्यानंच धावत येऊन तिला धरलं, रिक्षा आणली, उदगीरहून गाडी करून लातूरला नेलं. अमृतराव पुढच्या सीटवर बसून सारखे घाम पुसत होते. ते खरंच भेदरले होते. बायको जगावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, हेही सांगितलं पाहिजे.

लातूरच्या डॉक्टरनं तिचे हात-पाय दाबून बघितले, डोळ्यांत बत्ती मारली. "लकवा आहे," तो म्हणाला. "बीपी फार वाढलंय. आजींना आधीपासून बीपीचा त्रास होता का?"

"न्हाई साहेब," अमृतराव म्हणाले.

"कधी तपासलं होतं?"

शांतम्मा स्ट्रेचरवर पडून ऐकत होती. तिला वाटलं, आता तरी सांगतील. इथं पोरगं नाही, सून नाही, मोंढा नाही. फक्त डॉक्टर आहे, आणि त्यानं विचारलंय ते तिच्या औषधासाठी.

"कधी गरजच पडली न्हाई," अमृतराव म्हणाले. "दवाखान्याची पायरी चढली न्हाई कधी. एकदम कडक बाई."

डॉक्टरनं मान हलवली. "बायकांचं असंच असतं. वेळेवर साधी गोळी चालू असती तर बहुतेक इथवर आलंच नसतं."

मृत्युंजय संध्याकाळी पोचला. आईचं वाकडं झालेलं तोंड बघून तो पोरासारखा रडला. मग डोळे पुसून कामाला लागला, रिपोर्ट बघितले, डॉक्टरांशी बोलला. बोलता बोलता म्हणाला, "खरं तर बीपीचा त्रास आमच्या वडिलांना. ते मी पुण्यातून कंट्रोलमध्ये आणलं. आईकडं लक्षच गेलं नाही." आणि त्यानं मोबाइलवरची चढ-उताराची रेघ दाखवली, उन्हाळ्यातला डोंगर आणि नंतरची सपाटी. डॉक्टर म्हणाला, "छान." शांतम्मा त्या डोंगराकडं बघत होती. त्यातला एकेक दिवस तिला आठवत होता.

ती वाचली. डावी बाजू मात्र गेली. सकाळी उजव्या हातानं डावा तळहात मांडीवर उलगडून ठेवायची आणि त्यात लिंग ठेवायची, पण बोटं मिटत नसत, लिंग घरंगळायचं. जीभ जड झाली होती, शब्द ओले आणि वाकडे यायचे. दवाखान्यातून घरी सोडताना मृत्युंजय औषधं आणायला खाली गेला होता, तेव्हा डॉक्टरनं अमृतरावांना नीट समजावून सांगितलं होतं. "आजींचं डोकं एकदम साफ आहे. बोलायला वेळ लागेल, पण त्यांना सगळं कळतं. त्या बोलतील ते ऐकत जा." अमृतरावांनी हो म्हणून मान डोलावली होती.

पुण्याला परत जायच्या आदल्या दिवशी मृत्युंजयनं आईसाठी नवं मशीन आणलं. तिच्या पलंगावर बसून त्यानं ते मोबाइलला जोडलं. अमृतराव पायथ्याला खुर्चीवर बसले होते.

"अव्वा, तुला त्रास होत होता तर बोलायचं ना गं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण तो मायेचा होता. "मी परका आहे का? एवढं सगळं हाताशी असून काय उपयोग झाला?"

तो मोबाइलवर भरत होता. नाव, शांतम्मा अमृतराव हुडगे. वय. आजार. "आधीचे काही आकडे आहेत का, विचारतंय," तो स्वतःशीच पुटपुटला. "कुठले असणार."

शांतम्मानं उजवा हात उचलून त्याच्या मनगटावर ठेवला.

"हा... हायत," ती म्हणाली.

"काय, अव्वा?"

"आकडे. उन्हाळ्यातले. सगळे..." तिला दम लागला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती तिनं पुसली नाही. "सगळे माझे."

मृत्युंजयला कळलं नाही. "उन्हाळ्यातले ते अप्पांचे गं," तो लहान लेकराला समजवावं तसं म्हणाला. ती मान हलवत राहिली. तिनं त्याच्या मोबाइलवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं. तो बापाकडं वळला. "अप्पा, काय म्हणतेय ही?"

शांतम्मानं नवऱ्याकडं पाहिलं. ती आता त्यांच्याकडं मागत होती, आणि फार काही मागत नव्हती. तिनं त्यांच्यासाठी फोनवर एक शब्द उच्चारला होता, तेवढाच त्यांनी उच्चारायचा होता.

अमृतरावांनी धोतराचा सोगा नीट केला.

"डॉक्टर बोलले होते मला," ते म्हणाले. "डोक्यावर परिणाम झालाय. काहीबाही बोलती आता ती, मनावर घेऊ नको. आधीचं काही न्हाई म्हणून लिही."

मृत्युंजयनं आईच्या ओठावरची लाळ आपल्या रुमालानं हळूच टिपली, तिचा हात थोपटून पांघरुणात ठेवला आणि तसं लिहिलं.